ईयोबाच्या मित्रांचे पांडित्य

मराठी मंडळ्यांच्या व्यासपीठांवरून एक उपदेश हमखास ऐकू येतो. तुम्हांला काय वाटते, तुमच्यावर काय गुदरले, ते सगळे बाजूला ठेवा. देव कसा आहे हे कळायला पवित्र शास्त्र पुरेसे आहे. बोलणे नम्र वाटते, म्हणून त्याला सहसा कोणी अडवत नाही. आपल्या जुन्या प्रमाणशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर देवाच्या बाबतीत शब्द हे एकच प्रमाण. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांना दाराबाहेर उभे करायचे. आधाराला तीन वचने ठरलेली असतात. हृदय सर्वांत कपटी आहे असे यिर्मया सांगतो, देवाचे विचार माणसांच्या विचारांसारखे नाहीत असे यशया सांगतो, आणि आत्म्याच्या गोष्टी नैसर्गिक माणसाला उमगत नाहीत असे पौल करिंथकरांना लिहितो.

हे मत मला मान्य नाही. पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग पाडायचा, ही पद्धत खंडनाला शोभत नाही. या मताचा विसाव्या शतकातला सर्वांत बलवान कैवारी म्हणजे कार्ल बार्थ, आणि त्याचा मुद्दा हवेतला नव्हता. १९११ पासून तो स्वित्झर्लंडमधल्या झाफेनविल या गावी पाळक होता. धर्माचे मूळ माणसाच्या अंतरीच्या अनुभवात आहे, ही श्लायरमाखरपासून चालत आलेली शिकवण त्याने बर्लिनला हार्नाककडे आणि मारबुर्गला हेरमानकडे घेतली होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनीतल्या ९३ विद्वानांनी कैसरच्या युद्धाची पाठराखण करणारे जाहीर पत्रक काढले. त्याखाली या दोन्ही गुरूंच्या सह्या होत्या. युद्धाच्या उन्मादालाच लोक देवाचा अनुभव म्हणू लागले होते. बार्थने विचारले असेल तर काय चुकले, की ज्या अनुभवातून बेल्जियम तुडवणारा देव निघतो, तो अनुभव देव ओळखायला काय कामाचा? १९१९ चे आणि मग मुळापासून पुन्हा लिहिलेले १९२२ चे रोमकरांस पत्रावरचे त्याचे भाष्य या धक्क्यातून आले. १९३३ नंतर ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या गटाने हिटलरच्या उदयात देवाची वाणी ऐकली, तेव्हा बार्थचा संशय खरा ठरल्यासारखे झाले. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या मंडळ्यांनी जो जाहीरनामा स्वीकारला, त्याचा मसुदा मुख्यतः त्याचा. येशू ख्रिस्त या एकाच वचनाखेरीज दुसरी कोणतीही घटना, सत्ता किंवा सत्य देवाचे प्रकटीकरण म्हणून आम्ही मानणार नाही, असे त्याच्या पहिल्या कलमात आहे. त्याच वर्षी मित्र एमिल ब्रुनरने निसर्गात आणि माणसात देवाच्या ओळखीला थोडी जागा असावी असे सुचवले, तर बार्थने उत्तरादाखल पुस्तिकाच काढली. तिचे नाव होते ‘नाही!’

या माणसाने जे वाचवले त्याबद्दल त्याचे ऋण मानायलाच हवे. हिटलरपुढे वाकायला नकार देणाऱ्या पाळकांच्या हाती त्याने शस्त्र दिले, आणि त्यापायी १९३५ मध्ये बॉनच्या विद्यापीठातली नोकरी गमावली.

तरीही बार्मेनचा जाहीरनामा आज नीट वाचा. त्यात सहा कलमे आहेत आणि एकाही कलमात ज्यू हा शब्द नाही. एप्रिल १९३३ मध्ये ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार झाला होता. ज्यू वंशाच्या पाळकांना मंडळीतून काढायचे की नाही यावर जर्मन चर्चमध्ये वाद पेटला होता. एकट्या वचनाकडे कान लावून बसलेल्या त्या सभेच्या मजकुरात शेजाऱ्याच्या आकांताला एक ओळ मिळाली नाही. १९६७ मध्ये एबरहार्ड बेटगेने लिहिलेले हिटलरविरोधी जर्मन पाळक बॉनहोफरचे चरित्र वाचून वृद्ध बार्थने बेटगेला पत्र लिहिले आणि कबूल केले की ज्यूंचा प्रश्न तेव्हा आपण निर्णायक मानला नाही, हा आपला अपराध आहे. तसा मजकूर त्या काळच्या सभांनी मान्य केला नसता, असेही त्याने जोडले, आणि ते खरेच असेल. बॉनहोफरने मात्र त्या प्रश्नावर १९३३ मध्येच लिहिले होते. १९३०-३१ साली तो न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये जात असे, तिथे मुलांना शिकवत असे. इतिहासाकडे खालून, सोसणाऱ्यांच्या बाजूने पाहायला आपण शिकलो, असे त्याने १९४२ च्या अखेरीस लिहिले. दोघांचे शास्त्र एकच होते, आणि बार्थचे शास्त्रज्ञान तर कांकणभर सरसच. फरक पडला तो कोणाच्या शेजारी बसून ते वाचले यामुळे.

आपल्याकडेही हा वाद होऊन गेला आहे, हे आपले उपदेशक विसरतात. १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरमला आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली, तेव्हा हेंड्रिक क्रेमरने बार्थच्या वळणाची मांडणी केली आणि चेंचय्या, चक्करै यांसारख्या भारतीय विचारवंतांनी तिला विरोध केला. ए. जे. अप्पासामी यांनी तर ख्रिस्ती विचारासाठी श्रुती आणि युक्ती यांच्याबरोबर अनुभव हेही प्रमाण मानावे असे सरळ म्हटले. तो विरोध ग्रंथालयात राहिला. व्यासपीठावर क्रेमर राहिला, आणि तोही पातळ होऊन.

आता त्या तीन वचनांतल्या एकाकडे वळू. यशयाच्या ५५ व्या अध्यायातली ओळ तोडून वाचली की ती मानवी अनुभवावर बंदीहुकूम वाटते. तिच्या आधीची ओळ वाचली की चित्र पालटते. तिथे दुर्जनाला परत यायला सांगितले आहे, कारण देव भरपूर क्षमा करील. मग येते ते विचारांचे अंतर. म्हणजे माणूस क्षमा करताना हात आखडतो, देव आखडत नाही. क्षमा म्हणजे काय हे ज्याने कधी अनुभवलेच नाही, त्याला हे अंतर तरी कसे मोजता येणार?

प्रत्यक्ष येशूची युक्तिवादाची रीत पाहा. मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप दगड देईल? तुम्ही वाईट असूनही मुलांना चांगले द्यायला जाणता, तर स्वर्गातला पिता किती अधिक देईल, अशी ती मांडणी आहे. आपल्या शास्त्रकारांना ही रीत नवी नाही. तिला ते कैमुतिक न्याय म्हणतात. ज्यू रब्बीही हलक्यावरून भारी सिद्ध करण्याचा हाच नियम वापरत. लूक १८ मध्ये तर येशू याहून धाडस करतो. देव प्रार्थना ऐकतो हे पटवायला तो एक लाज सोडलेला न्यायाधीश उदाहरणाला घेतो, जो विधवेच्या रोजच्या तगाद्याला कंटाळून न्याय देतो. ज्याने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला हा दाखला फोड न करता कळतो. ज्या गुरूने आपल्या शिकवणीचा पाया बाप, मेंढपाळ, घर झाडून हरवलेले नाणे शोधणारी बाई आणि मध्यरात्री दार ठोठावणारा मित्र यांच्यावर उभारला, त्याच्या नावाने अनुभव बाद ठरवणे हे अजबच आहे.

तुम्ही वाईट असूनही, हे शब्द मात्र सुटता कामा नयेत. साम्य सांगतानाच येशू भेद सांगतो. १२१५ च्या लॅटरन परिषदेने हेच सूत्ररूपाने मांडले: निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य सांगा, भेद त्याहून मोठाच राहील. ज्याचा बाप दारू पिऊन मारत असे, त्याला देव पिता आहे हे ऐकून काय कळणार, असा प्रश्न पूर्वपक्ष मोठ्या विजयाने विचारतो. त्याला पुष्कळ कळते. बाप कसा नसावा हे त्याच्याइतके पक्के कोणालाच ठाऊक नसते, आणि त्या उणिवेची जाण हाही अनुभवच आहे.

आता ईयोब. हे पुस्तक प्रत्येक अंत्यविधीला हाताशी धरले जाते आणि त्याचा निकाल मात्र वाचला जात नाही. तीन मित्र येतात, सात दिवस गप्प बसतात (त्यांच्या पांडित्यातला हा एवढाच भाग निर्दोष), आणि मग बोलू लागतात. एलीफजाला रात्री दृष्टान्त झाला आहे. अंगावर काटा आला, कानी कुजबुज आली, असे तो सांगतो. बिल्दद पूर्वजांचा हवाला देतो. सोफराला हवालाही लागत नाही, तो नुसता ठणकावतो. त्यांची विधाने सुटी काढून पाहिली तर बहुतेक सनातनी आणि शुद्ध आहेत. इतकी शुद्ध, की पौलाने करिंथकरांना लिहिताना एलीफजाचेच एक वाक्य शास्त्र म्हणून उद्धृत केले आहे. ईयोब त्यांच्यासमोर आपली मेलेली मुले, फुटलेली कातडी आणि रिकामी गोठाणे घेऊन बसला आहे. त्याच्याजवळ सिद्धान्त नाही. आपल्यावर आलेले आपल्या पापाचे फळ नाही, एवढेच तो धरून आहे, आणि त्यापायी देवाला न्यायासनासमोर ओढायला निघाला आहे.

निकाल ४२ व्या अध्यायात आहे. देव एलीफजाला म्हणतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. यावर पूर्वपक्षाचे उत्तर तयार असते. देवाने वावटळीतून ईयोबालाही झापले ना? झापले, चार अध्याय झापले. आपण न समजलेले बोललो हे ईयोबाने कबूलही केले. तरीही निकाल त्याच्या बाजूने लागला आणि मित्रांना त्याच्याकरवी प्रार्थना करून घ्यावी लागली. आधी ऐकीव माहिती होती आणि आता डोळ्यांनी पाहिले, हा फरकही ईयोब स्वतःच करतो.

एलीफजाचा दृष्टान्त इथे विसरू नये. चौघांपैकी गूढ अनुभवाची बढाई मारणारा तोच, आणि चुकलेल्यांतही तो. म्हणून मी अनुभव म्हणतो तेव्हा अंगावर आलेला काटा मला अभिप्रेत नाही. माणूस जे जगतो, सोसतो, ज्यावर त्याचे आधीचे ज्ञान आपटून फुटते, ते मला अभिप्रेत आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत हा भेद आणखी स्पष्ट दिसतो. पेत्र यापो गावी कातडी कमावणाऱ्या शिमोनाकडे उतरलेला आहे. भर दुपारी गच्चीवर प्रार्थनेला गेला असता त्याला भूक लागते आणि दृष्टान्त होतो: आकाशातून चादर उतरते, तीत शुद्ध-अशुद्ध सगळे प्राणी, आणि मारून खा अशी आज्ञा. पेत्र नकार देतो. तीनदा हेच होते. आणि मग? मग तो बुचकळ्यात पडतो. दृष्टान्ताने त्याला काहीही कळले नाही. कळले ते कैसरियाला, कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घराचा उंबरा ओलांडल्यावर. चादरीत जनावरे होती. पेत्र तिथे बोलला माणसांविषयी, की कोणाही माणसाला अपवित्र म्हणू नये असे देवाने मला दाखवले. हा अर्थ चादरीवर लिहिलेला नव्हता. घरात वाट पाहत जमलेल्या माणसांकडे बघून तो त्याला सुचला. त्याचे भाषण संपायच्या आतच त्या सुंता न झालेल्या लोकांवर पवित्र आत्मा उतरला.

यरुशलेमात गडबड उडाली. ही गडबड करणारे मूर्ख नव्हते. सुंता हा सर्वकाळचा करार आहे असे उत्पत्तीच्या १७ व्या अध्यायात लख्ख लिहिलेले होते. आजच्या व्यासपीठावरचे मत त्या सभेत ग्राह्य मानले असते, तर अनुभव बाजूला ठेवा आणि वचन बघा म्हणून विषय पाच मिनिटांत मिटला असता. आणि तसे झाले असते तर आपण, म्हणजे नगरचे, जालन्याचे, वसईचे, गोव्याचे ख्रिस्ती, आज कुठे असतो? १५ व्या अध्यायातला कामकाजाचा क्रम पाहा. आधी पेत्र घडलेली हकीकत सांगतो. मग सभा गप्प राहून बर्णबा आणि पौल यांनी परराष्ट्रीयांत काय पाहिले ते ऐकते. शेवटी याकोब उठतो आणि आमोसाचे वचन काढतो, परराष्ट्रीयांनी प्रभूला शोधावे असे सांगणारे. ते वचन शतकानुशतके तिथेच होते. कर्नेल्याच्या घरून आलेल्या बातमीशिवाय ते कोणाच्या नजरेस पडले नव्हते. बातमीने वचन रद्द केले नाही, वचन वाचता येण्याजोगे केले.

हे इतके नेमके घडलेले आपल्या भाषेच्या मुलखातल्या एका बाईच्या आयुष्यात दिसते. पंडिता रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या तेव्हा आईवडील आणि बहीण दुष्काळाने नेलेली होती. शास्त्र्यांनी त्यांच्या संस्कृतवर खूश होऊन पदव्या दिल्या. तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृत बायबल दिले. रमाबाईंनी ते उघडले आणि वेळेचा अपव्यय म्हणून मिटले. त्या पुस्तकाची भाषा हिंदू ग्रंथांच्या संस्कृतहून फार वेगळी वाटली असे त्या सांगतात, पण संस्कृत येत नसल्याची अडचण इथे सांगता येणार नाही, बुद्धीची तर नाहीच. शब्द प्रमाण एकटे पुरेसे असते तर त्याला याहून सुपीक जमीन हिंदुस्थानात मिळाली नसती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींची लंडनला फुलहॅम येथे शाखा होती. रमाबाई तिथे हवापालटाला गेल्या असता त्यांना एक काम दाखवण्यात आले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायका तिथे आणल्या जात, सावरल्या जात; आणि त्यांतल्याच काही आता आजाऱ्यांची आणि दुबळ्यांची सेवा करत होत्या. अशा बाईसाठी काही करायचे असते ही गोष्ट आयुष्यात प्रथमच आपल्याला कळली, असे रमाबाई १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत सांगतात. ज्या धर्मशास्त्रात अशा बाईच्या वाट्याला कठोर दंडच आला होता, ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी शिकवणाऱ्या भगिनीला विचारले, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून त्या भगिनीने शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली ती बाई, आणि तिच्याशी खऱ्या उपासनेबद्दल बोलणारा येशू. आता ते पुस्तक मिटले गेले नाही.

पूर्वपक्षाला इथे एक दिलासा आहे, तो मी लपवत नाही. रमाबाई पुढे लिहितात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे फुलहॅमने सगळे काम केले नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्या त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर पत्रांतून भांडत राहिल्या, शास्त्र पुनःपुन्हा वाचत राहिल्या, आणि अखेरची वर्षे तर बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. पण अनुभवाने वचनाची जागा घ्यावी असे म्हणतोय कोण? वचन ज्या कुलपाआड होते ते फुलहॅमला निघाले, आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन उभे राहिले, एवढी हकीकत मला पुरते.

उरला तो फॉयरबाखचा आक्षेप. १८४१ मध्ये त्याने म्हटले की देव म्हणजे माणसाने आकाशावर टाकलेली स्वतःचीच मोठी सावली. बार्थला या आक्षेपाची धास्ती होती, आणि अनुभवावर उभा केलेला धर्म त्याला बळी पडणारच असे त्याला वाटे. माझे म्हणणे असे की ही सावली इच्छेची असते, अनुभवाची नसते. इच्छा माणसाला आवडते तेच दाखवते. अनुभव त्याच्या मनाविरुद्ध येतो. पेत्राला कर्नेल्याकडे जायचे नव्हते. ईयोबाला आपला जुना, हिशेबी देवच बरा वाटत होता. रमाबाई परधर्म स्वीकारायला इंग्लंडला गेल्या नव्हत्या, शिकायला गेल्या होत्या. याउलट १९१४ च्या पत्रकावर सही करणाऱ्या कोणाच्या मनाविरुद्ध काय घडले होते? राष्ट्र जिंकावे ही त्यांची इच्छा, आणि देवाचीही तीच असल्याचे त्यांना आढळले. बार्थने ज्याला अनुभव समजून हाकलले तो अनुभव नव्हताच. त्याची चूक निदानाची होती. खुद्द बार्थलाही पुढे आपला सूर एकांगी वाटला असावा. १९५६ मध्ये देवाच्या मानवतेवर व्याख्यान देताना त्याने आपल्या जुन्या भाषेला बरीच मुरड घातली.

याच कसोटीने आपल्या बाजूच्यांनाही तपासले पाहिजे. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूला शूद्र ईशविज्ञानाची मांडणी केली, त्यातून पुढे दलित ईशविज्ञान वाढले. यशयाच्या दुःखी सेवकात दलिताचा चेहरा ओळखणे, कृतीच्या आधी पीडेला ज्ञानाचा दर्जा देणे, हे त्यांचे योगदान मोठे आहे. पण हे ज्ञान ज्याने सोसले त्यालाच होऊ शकते, इतरांनी त्यात पडू नये, इथवर ते जातात तेव्हा मी थांबतो. कर्नेल्याच्या घरची हकीकत यरुशलेमच्या सभेला ऐकूनच कळली. अनुभव सांगता आला नाही तर तो साक्ष ठरत नाही, मालमत्ता ठरतो. तसेच १९०५ मध्ये मुक्ती सदनात जे पुनरुज्जीवन झाले, मुलींना आत्म्याची आग दिसली, रडणे-ओरडणे झाले, त्यातले नेमके किती देवाचे हे मला ठरवता येत नाही. जोनाथन एडवर्ड्सने १७४६ मध्ये अशाच प्रकारांवर ग्रंथ लिहून भावनेचा जोर हा पुरावा मानू नका, पुढचे आचरण पाहा, असे बजावले होते. तो सल्ला अजून शिळा झालेला नाही.

आता पाळकांना एक विनंती. आपल्या मंडळ्यांत साक्षीला वेळ देतात, पण ऐकू काय येते? आजार बरा झाला, नोकरी लागली, व्हिसा मिळाला. प्रार्थना केली आणि मूल गेले, असे सांगायला कोणी उठत नाही. उठलाच तर त्याच्यासाठी घाईने गीत सुरू होते. अशा सभेत ईयोबाला माईक मिळाला नसता, एलीफजाला मिळाला असता. महिन्यातला एक रविवार तरी ज्यांचे मागणे फळले नाही त्यांना बोलू द्या. मध्ये कोणी वचन घालू नये. त्यांचे बोलणे पुरते झाल्यावर शास्त्र उघडा, याकोबाने उघडले तसे. त्या रविवारी उपदेश आखूड झाला तरी चालेल.